कातळमाथा अर्ध्यावर सुटतो, तो या चुकांमुळे

१६६० मधील शिवछत्रपतींच्या पन्हाळ्यावरून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ दर जुलैत निघणारी पन्हाळा–पावनखिंड मोहीम पूर्ण केली, की अनेक कोल्हापूरकरांना आता कोणताही सुळका आपल्या आवाक्यात आला असे वाटू लागते. त्या वाटेवर दमसास वाढतो हे खरे. पण चिखल आणि जंगल तुडवण्याचा सराव उभ्या कातळावर फारसा उपयोगी पडत नाही.

पहिली चूक वेळेची. रात्रभर गाडीने इगतपुरी किंवा जुन्नरकडे जायचे, पायथ्याशी नाश्त्यात तास घालवायचा आणि ऊन तापल्यावर चढाईला लागायचे, हा आपल्याकडचा रिवाजच झाला आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि कातळ उतरायला चढण्याइतका, कित्येकदा त्याहून अधिक वेळ लागतो; म्हणून परत फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरवावी आणि माथा दिसू लागला तरी ती बदलू नये.

सर्वांत महागात पडते ते उतरता न येणारे चढून जाणे. चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात, उतरताना मात्र पाय ठेवायची जागा दिसतच नाही. शंका येईल तिथे दोन पावले चढून ती लगेच उतरून पाहावीत. जमले नाही तर दोराशिवाय पुढे जाऊ नये. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हाच्या थरांनी बनलेला असल्याने दोन कड्यांमध्ये गवताळ, घसाऱ्याचे पट्टे येतात आणि कातळ संपला म्हणून हायसे वाटते तिथेच पाय निसटतात. वाळलेल्या गवताच्या आधाराने चढू नये. दगडाची पकड आधी ठोकून पाहावी, पोकळ आवाज आल्यास सोडून द्यावी, आणि भक्कम वाटली तरी ती बाहेर न ओढता तिच्यावर खालच्या दिशेने भार द्यावा.

मध्येच पाय थरथरू लागले, की बहुतेक जण भिंतीला बिलगतात. त्यामुळे तळव्यांवरचा दाब कमी होऊन पाय अधिकच घसरतात. अशा वेळी टाचा खाली आणाव्यात, कंबर कातळापासून थोडी दूर ठेवावी आणि दोन्ही पाय व एक हात पक्के असल्याशिवाय दुसरा हात हलवू नये. उभ्या टप्प्यावर उतरताना तोंड कातळाकडेच असावे.

थकलेल्या सोबत्याला "तू हो पुढे" म्हणून एकट्याने खाली धाडण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद व्हायला हवी. त्याच्याबरोबर एक अनुभवी गडी द्यावा, आणि तसा कोणी नसेल तर सगळ्यांनीच उतरावे.