पार्सल नाकारले जाऊ नये म्हणून : कुरिअर आणि ट्रान्सपोर्टवाले काय घेत नाहीत आणि त्यावर काय करावे

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीतून पार्सल पाठवणारा माणूस काउंटरवर गेल्यावर बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘हे चालेल का?’ त्याऐवजी, पार्सल कोणत्या वाहनाने जाणार आणि कोणकोणत्या हद्दी ओलांडणार, हे त्याने आधी विचारावे. रस्त्याने बिनतक्रार जाणारी वस्तू विमानात चढत नाही, आणि कर्नाटकात उघडपणे विकली जाणारी वस्तू सीमेवरचे कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलच्या हद्दीत शिरली की गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकते. नकार देणारा कारकून अडवणूक करतो, असा आपल्याकडे एक समज आहे. पुष्कळदा तो केवळ कंपनीची यादी वाचत असतो, मात्र त्या यादीमागचे कारण त्यालाही सांगता येत नाही. म्हणून ते कारण आपल्याला ठाऊक असलेले बरे.

सर्वांत अनपेक्षित नकार विमानामुळे येतात. हवाई वाहतुकीत धोकादायक मालाचे नऊ वर्ग मानलेले आहेत आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या व देवघरातल्या कित्येक वस्तू त्यांत बसतात. सुक्या खोबऱ्याचे उदाहरण घ्यावे. तेलाचा अंश असलेले खोबरे साठ्यात आपोआप तापून पेटू शकते, म्हणून ‘कोप्रा’ या नावाने ते आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या वर्गात धरले आहे आणि धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला यूएन १३६३ हा क्रमांक आहे. दुबईतल्या लेकीला मसाल्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या पाठवणाऱ्या आईला हे चमत्कारिक वाटेल, पण एक्सरे यंत्रावर त्या वाट्या दिसल्या की पार्सल बाजूला पडते. कापूर हा ज्वलनशील घन पदार्थ असल्याने पूजासाहित्याच्या डब्यातून तो आधी काढून ठेवावा, आणि काडेपेटीही त्याच्या सोबत घालू नये. डिओडरंटचा फवारा दाबाखालचा वायू म्हणून, तर नेलपॉलिश, अत्तर आणि सॅनिटायझर ज्वलनशील द्रव म्हणून अडतात.

पॉवर बँकेविषयी थोडे अधिक सांगावे लागेल. लिथियम बॅटरी उपकरणात बसवलेली असेल तर तिच्यासाठी वेगळा, तुलनेने सैल नियम आहे. सुटी बॅटरी असेल तर कडक नियम लागतो, आणि पॉवर बँक ही सुटी बॅटरीच मानली जाते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. प्रवाशाने स्वतः न्यायची झाल्यास ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते आणि साधारण मर्यादा १०० वॅट-तासांची असते. वेष्टनावरचा मिलीअँपिअर-तासांचा आकडा व्होल्टेजने गुणून १००० ने भागला की वॅट-तास मिळतात. २०,००० आणि ३.७ व्होल्ट असे लिहिले असेल, तर हिशेब ७४ वॅट-तासांचा होतो. म्हणून पुण्यात शिकणाऱ्या मुलाला पॉवर बँक पाठवायची असेल, तर तो दिवाळीला घरी येईल तेव्हा त्याच्याच पिशवीत द्यावी. ते शक्य नसेल, तर बुकिंग करताना ‘सरफेसने, म्हणजे रस्त्याने’ असे स्पष्ट सांगून पावतीवर तसे लिहून घ्यावे. जवळच्या शहराचे पार्सल रस्त्यानेच जाणार असे गृहीत धरू नये, कारण तातडीच्या सेवेत मार्ग कंपनी ठरवते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांना हाच नियम दुसऱ्या बाजूने भेटतो. हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर ही इथली नेहमीची निर्यात. नवा सुटा भाग सहसा अडत नाही, पण दुरुस्तीसाठी परत आलेल्या किंवा चाचणी घेतलेल्या पंपात उरलेले तेल खोक्याबाहेर झिरपले की हवाई मालाच्या गोदामात तो खोका थांबतो. तेल पूर्ण निथळून, तोंडे बुचांनी बंद करून, ‘तेलविरहित’ असे बिलावर लिहून माल द्यावा. रंग, थिनर, चिकटद्रव्य, गंजरोधक फवारा यांपैकी काही पाठवायचे असेल, तर उत्पादकाकडून त्या पदार्थाची सुरक्षा माहितीपत्रिका, जिला सगळे एमएसडीएस म्हणतात, ती मागून घ्यावी. पदार्थ धोकादायक नसला तरी त्या कागदावाचून हवाई कुरिअर तो घेत नाही. ॲसिड भरलेली गाडीची बॅटरी कुरिअरने जात नाही. ती धोकादायक माल नेण्याची व्यवस्था असलेल्या ट्रान्सपोर्टनेच पाठवावी. शक्तिशाली चुंबक असलेले भागही जाहीर करावे लागतात, कारण त्यांचा परिणाम विमानाच्या होकायंत्रावर होऊ शकतो.

कायद्याने येणारा नकार याहून वेगळा असतो, कारण तिथे वाहन बदलून उपयोग होत नाही. फटाके त्यांतले पहिले. कुरिअर, टपाल, रेल्वे पार्सल, प्रवासी बस यांपैकी कुठेही ते देता येत नाहीत, आणि ‘नुसत्या फुलबाज्या आणि टिकल्या आहेत’ हा युक्तिवाद चालत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू बेकायदा रेल्वेत आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय झालेल्या नुकसानीची भरपाईही त्याच्याच माथी येते. ई-सिगारेटची वाहतूक २०१९ च्या कायद्याने देशभर बंद आहे. गोव्यातून आणलेली दारूची बाटली पार्सलमध्ये घालण्याचा मोह चोर्ला घाटाच्या अलीकडे राहणाऱ्यांना विशेष होतो. पण दारूवर प्रत्येक राज्याचा स्वतंत्र अबकारी कायदा आहे, त्यामुळे गोव्यातली खरेदीची पावती दुसऱ्या राज्यात परवान्याचे काम करत नाही आणि कोणतेही कुरिअर असे पार्सल जाणूनबुजून स्वीकारत नाही. चंदनाचे लाकूड, मग ते आजोबांच्या परसातले का असेना, वनखात्याच्या परवान्यावाचून हलवू नये. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मिरवलेली तलवार मुंबईच्या मंडळाला पाठवायची असेल, तर शस्त्र कायदा आडवा येतो. विळी, कोयता, खुरपे ही घरगुती आणि शेतीची अवजारे त्या अर्थाने शस्त्रे नाहीत, परंतु पात्याला जाड पुठ्ठा बांधून, वर दोरी आवळून आणि खोक्यावर ‘धारदार अवजार’ असे लिहूनच ती द्यावीत.

निपाणीकरांना तंबाखूविषयी नीट भेद करावा लागतो. सुक्या पानांच्या रूपातला तंबाखू बिल आणि जीएसटीच्या कागदांसह ट्रकने उघडपणे जातो, तो व्यापारी मालच आहे. किलो-दोन किलोचे तंबाखूचे पार्सल मात्र बहुतेक कुरिअर कंपन्या आपल्या धोरणानुसारच घेत नाहीत. गुटखा आणि सुगंधी सुपारी यांची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असून, सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारीही त्या बंदीच्या कक्षेत आहेत. त्यामुळे कोल्हापूरच्या पाहुण्यासाठी डब्यात सहज टाकलेली सुपारीची पाकिटे ट्रॅव्हल्सच्या चालकाला अडचणीत आणू शकतात. ओळखीचा चालक पार्सल उघडून पाहत नाही, हा त्याचा विश्वास असतो; त्याचा गैरफायदा घेऊ नये.

व्यापारी मालाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सीमाभागात सारखी नडते. बेळगाव ते कोल्हापूर हे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे असले, तरी कागदावर ती आंतरराज्य वाहतूक आहे, आणि ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालासोबत ठेवायचा ऑनलाइन काढलेला कागद, लागते. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्यांचे गठ्ठे इचलकरंजीला पाठवताना ते नसेल, तर ट्रान्सपोर्टवाला माल घेत नाही, आणि त्यात त्याचे चुकत नाही, कारण वाटेत गाडी त्याची थांबते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. बदली झालेल्या कुटुंबाने सामानाची यादी आणि बदलीच्या आदेशाची प्रत चालकाकडे द्यावी, म्हणजे वाद होत नाही.

परदेशी पाठवायच्या खाऊत विमानाचे नियम पाळले तरी पलीकडच्या देशाची जकात-तपासणी उरतेच. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस निषिद्ध आहे, म्हणून तिकडे अनारसे पाठवायचे तर खसखस न लावता करावेत आणि मसाल्यातूनही ती वगळावी. ऑस्ट्रेलिया दुधाच्या मिठाईबाबत फार कडक आहे, तिथे पेढे-बर्फी जप्त होतात आणि बेळगावचा कुंदा त्याच जातीचा पदार्थ आहे. युरोपीय संघाचे देशही घरगुती पार्सलमधून दुधाचे व मांसाचे पदार्थ येऊ देत नाहीत. देशातल्या देशात कुंदा पाठवतानाही ‘नाशवंत’ म्हणून नकार मिळू शकतो. अशा वेळी रात्री निघून सकाळी पोहोचणारी बस कुरिअरपेक्षा भरवशाची. गोकाकचा करदंट ही सुकामेव्याची मिठाई टिकाऊ असल्याने दूरच्या पत्त्यासाठी तीच निवडावी. चकली, चिवडा, शेव हवाबंद पाकिटात आणि घटकांची यादी चिकटवून दिल्यास सहसा अडत नाहीत. लोणचे जाते, पण बरणी गळली तर शेजारच्या पार्सलांचे नुकसान तुमच्या नावावर येईल या धास्तीने पुष्कळ कंपन्या तेलकट पदार्थच टाळतात. घराण्यातली शंभर वर्षांहून जुनी पितळी मूर्ती परदेशी पाठवता येत नाही. ती तितकी जुनी नसेल, तर ती पुरावस्तू नसल्याचे पुरातत्त्व खात्याचे प्रमाणपत्र कुरिअरवाला मागतो.

रोख रक्कम, सोने आणि दागिने खाजगी कुरिअर घेत नाही. राखीच्या पाकिटात ठेवलेली नोट हरवली तर तक्रारही करता येत नाही. पैसे मनीऑर्डरने किंवा थेट खात्यावर पाठवावेत, आणि दागिन्यासाठी टपालाची विमा सेवा किंवा सराफ वापरतात ती विमा असलेली खास वाहतूक पाहावी. टपालाच्या जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमात एक गमतीदार अपवाद आहे. जागतिक टपाल संघाने बहुतेक प्राणी वर्ज्य ठरवले, पण मधमाश्या, जळवा आणि रेशीमकिडे यांना जागा ठेवली.

रेल्वेने स्कूटर किंवा मोटारसायकल पाठवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. पेट्रोलचा वास आला तरी पार्सल कार्यालय गाडी परत ढकलते. आरसीची प्रत आणि ओळखपत्र सोबत न्यावे, आणि आरसे व दिव्यांना गोणपाट बांधून घ्यावे.

फॉर्मवर मालाचे वर्णन लिहिताना ‘घरगुती सामान’ किंवा ‘गिफ्ट’ एवढे लिहून थांबू नये. ‘सुती साड्या, ६ नग’, ‘लोखंडी फ्लँज, ४ नग, नवे, तेलविरहित’ असे लिहावे आणि तेच वर्णन बिलाशी जुळवावे. खोटे वर्णन केले आणि पार्सल हरवले, तर जे लिहिलेच नाही त्याची भरपाई मागता येत नाही. ट्रान्सपोर्टच्या बाबतीत तर खरे वर्णन आणि खरी किंमत दोन्ही लिहिणे गरजेचे आहे. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांनुसार, अधिक किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. म्हणजे ६०० रुपये भाड्याने पाठवलेला ४०,००० रुपयांचा पंप गहाळ झाला, तर हातात ६,००० रुपयांपेक्षा जास्त येण्याची आशा ठेवू नये.

एवढे करूनही नकार मिळालाच, तर तो कशामुळे आहे ते विचारावे. कायद्यामुळे असेल तर पार्सल घरी न्यावे, विमानामुळे असेल तर सरफेसने बुक करावे, आणि केवळ त्या कंपनीच्या धोरणामुळे असेल तर टपाल, रेल्वे पार्सल किंवा कर्नाटक राज्य परिवहनाची ‘नम्म कार्गो’ सेवा पाहावी. सीमाप्रश्नावरून तणाव झाला की दोन्हीकडच्या बसफेऱ्या कोगनोळीशी थांबतात, तेव्हा नाशवंत पार्सल त्या दिवसांत बसवर टाकू नये. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, माल पोहोचेपर्यंतच नव्हे, तर त्यानंतरही जपून ठेवावी, कारण मालाचे नुकसान झाल्यास दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांची असते, माल मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे.