मिरगाआधी बंदुकीचे तेलपाणी

निवडणुकीत पोलिस ठाण्यात जमा केलेली आमची दुनळी बंदूक दोन महिन्यांनी घरी आली, तेव्हा चापाभोवती तांबूस ठिपके होते आणि दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडावर, पांढरी बुरशी. ठाण्याला तरी काय बोलायचे? माळ्यावर राहिली असती तरी तिचे तेच झाले असते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक वर्षातून चार बार काढते आणि बाकीचे दिवस पडून असते. आपल्याकडे ती झिजत नाही, गंजते.

मिरगात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. नळीवर खाऱ्या वाऱ्याने बसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या मिठाचेही तेच होते. हाताच्या घामातले मीठ वेगळेच; बोटांचे ठसे उमटावेत तसा गंज उमटतो. नळीचा निळसर काळा रंग, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तो लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. तो तेल धरून ठेवतो, पण तेलाशिवाय त्याचा फारसा आधार नाही.

पहिले काम बंदूक रिकामी करण्याचे. ती मोडा, म्हणजे बिजागरीत वाकवून नळ्या उघडा, दोन्ही नळ्यांत बघा, बोट घालूनही बघा. काडतुसे दुसऱ्या खोलीत, पोरे ओटीवर. केपाची बंदूक (तोंडातून दारू ठासायची, केपेने पेटणारी) असेल तर केप काढा, मग ठासायचा गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करा आणि तोच गज, खूण तोंडाशीच ठेवून, बाहेरून नळीला लावून बघा. गजाचे टोक कानाच्या, म्हणजे केप बसते तिथल्या, भोकापर्यंत पोचत नसेल तर आत बार भरलेला आहे. तशी बंदूक घरी साफ करायची नाही. परवानाधारक कारागिराला कळवून, तो सांगेल तसे करा.

रिकामी झाली की नळीखालचे लाकूड आणि नळ्या सुट्या करा. खटक्याचे, म्हणजे चापाला जोडलेल्या यंत्रणेचे, स्क्रू मात्र उघडू नका. उघडणारे पुष्कळ भेटतात, पुन्हा बसवणारे कमी.

नळी काडतुसाच्या बाजूने साफ करावी. रॉकेलात किंवा बोअर क्लीनरमध्ये (नळी साफ करायच्या औषधात) भिजवलेली चिंधी आधी फिरवा, दहा मिनिटे थांबा, मग पितळी तारांचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार. त्यानंतर कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी बाहेर येईपर्यंत. नळी आभाळाकडे धरून आत बघा. काळे डाग खड्ड्यांसारखे दिसले, तर पुढचा बार काढण्याआधी कारागिराला दाखवा. काळ्या दारूची काजळी रॉकेलाने जात नाही, ती पाण्यात विरघळते आणि ओल ओढून घेते. म्हणून केपाच्या बंदुकीची नळी बार काढला त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुवायची, खडखडीत पुसायची आणि लगेच तेल.

बाहेरच्या ठिपक्यांवर तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलातच बुडवून हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर नको, आणि तांब्याची भांडी घासतो तसे आमसूल किंवा चिंच तर मुळीच नको. आंबटाने गंजाबरोबर ब्लूइंगही उतरते. कोरलेल्या नंबराजवळ तर खरवडूच नका. नंबर पुसणे हा शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे.

आता तेल. आमचे आजोबा खोबरेल लावायचे आणि त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. पण खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, पुढे खवट होते आणि खटक्यात धूळ धरून चिकट बसते. खरी गोम अशी, की लोखंडाला न सुकणारे तेल लागते आणि लाकडाला सुकणारे. खोबरेल लोखंडावर चिकट बसते आणि लाकडावर सुकत नाही, म्हणजे दोन्हींकडून नापास. लोखंडाला गन ऑइल उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचे चालते. बोटाला ओशट लागावे, ओघळ दिसू नये. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवायचे औषध. पावसात भिजलेल्या बंदुकीवर जरूर मारा, पण पावसाळाभर त्याच्या भरवशावर ठेवू नका.

दस्त्याला जवसाचे तेल. हार्डवेअरवाल्याकडे बॉइल्ड म्हणून मिळते ते घ्या, कच्चे फार दिवस ओले राहते. हे काम एप्रिल-मे मधलेच, पावसात सगळे चिकट राहते. बुरशी कोरड्या फडक्याने पुसा, चौकड्यांच्या नक्षीतला मळ जुन्या टूथब्रशने काढा, दस्ता दोन दिवस सावलीत वाळू द्या. मग तळहातावर चार थेंब घेऊन, हाताची ऊब लाकडाला लागेल इतके चोळा. पंधरा मिनिटांनी वर राहिलेले सगळे पुसून टाका. एक दिवस सोडून पुन्हा, असे तीन-चार हात. दस्त्यावर व्हार्निश असेल तर तेल आत शिरणारच नाही, तिथे मेणाचे पॉलिश पुरे.

आणि ते फडके! जवसाचे तेल सुकताना तापते. बोळा करून कोपऱ्यात टाकलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते, आणि आपल्या माळ्यावर खाली लाकूड, वर पेंढा. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवू नका, चामडे ओल धरते. कुलपाच्या कोरड्या कपाटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, नळी खाली करून उभी ठेवा. दस्ता खाली राहिला तर नळीतले तेल झिरपून लाकूड मऊ करते. दर आठ दिवसांनी जुन्या धोतराच्या तेलकट तुकड्याने एक हात फिरवा, आणि कोणीही बंदूक हाताळली की त्याच दिवशी. बार काढण्याआधी मात्र नळीतले तेल कोरड्या चिंधीने पुसून घ्या.

जमा करायला न्याल तेव्हा तेल नेहमीपेक्षा जरा जास्त ठेवा, सुती कापडात गुंडाळा (प्लास्टिकमध्ये आत घाम धरतो), आणि पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या.