फँटसी फुटबॉलसाठी किकर कसा पारखावा?

अमेरिकेतल्या ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ) नव्याने उतरलेली आपली मंडळी क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) आणि रनिंग बॅकचा (चेंडू घेऊन पळणारा) कसून अभ्यास करतात. किकर, म्हणजे चेंडूला किक मारून गुण मिळवणारा खेळाडू, मात्र ड्राफ्ट (खेळाडूंची आळीपाळीने निवड) संपता संपता समोर जे नाव दिसेल ते उचलतात. किकर शेवटच्या फेरीतच घ्यावा, हे बरोबर आहे. पण तो डोळे झाकून घेऊ नये. एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) एखादा किकर येत्या मोसमात कितपत उपयोगी पडेल, याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

आधी आपल्या लीगचे नियम उघडा. सर्वसाधारणपणे ३९ यार्डांपर्यंतच्या फिल्ड गोलला (किक मारून चेंडू गोलखांबांमधून घालवणे) ३ गुण, ४० ते ४९ यार्डांना ४ आणि ५० किंवा अधिक यार्डांना ५ गुण मिळतात. टचडाउननंतर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) मारायच्या किकला, म्हणजे एक्स्ट्रा पॉइंटला, १. काही लीगमध्ये किक हुकली की गुण कापतात. तसं असेल तर अचूकतेला जास्त वजन द्या.

मग संघ बघा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. ‘जो संघ भरपूर गुण करतो त्याचा किकर घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धवट आहे. २०२४ च्या मोसमात डेट्रॉइट लायन्सने ५६४ गुण केले, पिट्सबर्ग स्टीलर्सने ३८०. तरीही लायन्सच्या जेक बेट्सचे फिल्ड गोल झाले २६, आणि स्टीलर्सच्या क्रिस बॉसवेलचे ४१. लायन्स टचडाउन करून मोकळे व्हायचे आणि त्यांचे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल चौथ्या डाउनला (१० यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांपैकी शेवटच्या) किक मारण्याऐवजी खेळायला कचरत नाहीत. बेट्सच्या वाट्याला त्यामुळे एक्स्ट्रा पॉइंट जास्त आले. स्टीलर्स मैदान पार करत पुढे यायचे आणि गोलरेषेजवळ अडकायचे. त्या नोव्हेंबरात त्यांनी बाल्टिमोरला १८-१६ असं हरवलं, तेही एकही टचडाउन न करता. सगळेच्या सगळे १८ गुण बॉसवेलच्या सहा फिल्ड गोलांचे होते!

म्हणून तीन गोष्टी तपासा: गेल्या मोसमात फिल्ड गोलचे प्रयत्न किती झाले, रेड झोनमध्ये (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेआधीचे शेवटचे २० यार्ड) शिरल्यावर संघ किती वेळा टचडाउन करतो, आणि चौथ्या डाउनला प्रशिक्षक काय करतात. यातला प्रयत्नांचा आकडा दरवर्षी तसाच राहील असं मात्र धरू नका. क्वार्टरबॅक किंवा प्रशिक्षक बदलला असेल तर जुना आकडा फार कामाचा नाही.

आता पायाची ताकद. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून ३५ यार्डांवर असेल तर किक ३५ ची नसते. एंड झोनचे (गोलरेषेमागचा पट्टा, ज्याच्या टोकाला गोलखांब असतात) १० आणि मागे चेंडू धरतात तिथले साधारण ७ यार्ड मिळवा, म्हणजे ५२. एवढ्या अंतरावरून किकरला बिनधास्त पाठवलं जातं का, हे कळणं महत्त्वाचं. डॅलसचा ब्रँडन ऑब्री याचं उत्तम उदाहरण आहे. २०२३ मध्ये त्याने ५० यार्डांपलीकडचे १० पैकी १० गोल केले, पुढच्या वर्षी १७ पैकी १४, त्यात एक ६५ यार्डांचा. २०२५ पासून किकिंगचे चेंडू आधीपासून तयार करून ठेवायची मुभा संघांना मिळाली आहे आणि त्याच मोसमात जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलने ६८ यार्डांचा विक्रम केला. त्यामुळे लांबच्या किकचे जुने आकडे आजच्याशी जोडताना जरा सांभाळून.

अचूकता बघताना कारकिर्दीच्या सरासरीवर विसंबू नका. बाल्टिमोरकडून खेळलेल्या जस्टिन टकरची कारकीर्द थक्क करणारी, पण २०२४ मध्ये त्याचे ३० पैकी २२ च गोल झाले. शेवटचे दोन मोसम बघा, हुकलेल्या किक कुठून होत्या तेही बघा. ५५ यार्डांवरून हुकलेली किक मी मनावर घेत नाही. ३३ यार्डांवरून मारायचे एक्स्ट्रा पॉइंट वारंवार हुकत असतील तर तो किकर मी सोडून देतो.

छत असलेलं घरचं मैदान चांगलंच, पण संधीपुढे ते दुय्यम. बेट्सही छताखालीच खेळतो. दोन किकरांत अगदीच निवड होत नसेल तर १५ ते १७ या आठवड्यांचे सामने बघा. फँटसीचे प्लेऑफ बहुधा तेव्हाच असतात आणि डिसेंबरात बफेलो किंवा शिकागोचा वारा चांगल्या किकरलाही जेरीस आणतो.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी एक फेरी बातम्यांची मारा. सराव शिबिरात किकरच्या जागेसाठी चुरस आहे का, लाँग स्नॅपर (किकसाठी चेंडू मागे फेकणारा) किंवा चेंडू धरणारा होल्डर बदललाय का? दुसरा किकर मात्र संघात ठेवू नका. बाय वीक (किकरच्या संघाचा सामना नसलेला आठवडा) आला की पहिल्याला सोडून त्या आठवड्यापुरता, लीगमध्ये कुणीच न घेतलेल्या मोकळ्या खेळाडूंतला एखादा घ्या.