शिकेकाईचा काढा, डाळीचं पीठ आणि भरपूर पाणी

रिठा झाडाला लागतो, म्हणजे तो सौम्यच असणार, असं धरून मूठभर रिठ्यांचं दाट पाणी थेट डोक्यावर ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. वाळल्यावर केस केरसुणीसारखे होतात आणि मग दोष शिकेकाई-रिठ्याच्या माथी मारून मंडळी परत शाम्पूकडे वळतात. खरं तर रिठा चांगलाच तिखट आहे. त्यात सॅपोनिन असतं आणि सॅपोनिन साबणाचंच काम करतं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि दोघांना जोडून तेल वाहून नेतं. शाम्पूतलं सोडियम लॉरिल सल्फेटही हेच करतं, फक्त जास्त जोरात. त्यामुळे नैसर्गिक की रासायनिक हा वाद मी घालत नाही. डोक्यावर किती जोर लावायचा, एवढंच मी बघते.

टाळूतून पाझरणारं तेल पूर्ण काढायचं नसतं. ते केसाला वंगण असतं आणि त्वचेतलं पाणी धरून ठेवायला मदत करतं. त्वचेचा पृष्ठभाग मुळात किंचित आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, सातच्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण 4.5 ते 5.5. वडीच्या साबणाचा पीएच 9 ते 10. अशा अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, त्याच्यावरचे खवले उचलले जातात, एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. साबणाने डोकं धुतलं की कंगवा अर्ध्यात अडतो तो यामुळेच. शिकेकाई आणि रिठा, दोन्हींचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. माझ्या लेखी त्यांचा मोठा गुण हा. झाडावरून येतात हा नव्हे.

काढा

खांद्याच्या खाली येणाऱ्या केसांना, म्हणजे माझ्या केसांना, पुरेल असं प्रमाण देते. शिकेकाईच्या सहा-सात शेंगा, तीन रिठे, आवळकाठीचे दोन-तीन तुकडे आणि एक चहाचा चमचा मेथी. केस फार कोरडे असतील तर रिठे दोनच घ्या, किंवा घेऊच नका. तेलकट असतील तर चार. त्यापुढे जाऊ नका. कंबरेपर्यंत केस असतील तर सगळंच दीडपट, पाणीसुद्धा.

रिठा फोडून आतली काळी टणक बी काढून टाका. फेस वरच्या सालीत आणि गरात असतो, बी काही कामाची नाही. शेंगा हातानेच मोडा. सगळं रात्री अर्धा लिटर पाण्यात भिजत घाला. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्या, पण शेजारी उभे राहा, कारण रिठ्याचा फेस दुधासारखा भसकन वर येतो आणि शेगडी बरबटते. पातेलं स्टीलचं घ्या. लोखंडी भांड्यात आवळा काळा पडतो. काही जण मुद्दाम तसंच करतात, केस काळसर दिसावेत म्हणून. माझे पांढरे आहेत आणि मला ते तसेच आवडतात.

गार झालं की हाताने चांगलं कुस्करा. शेंगा लिबलिबीत होतात, रिठ्याची साल बोटांत सरकायला लागते आणि पाण्यावर बारीक, पिवळसर तपकिरी फेस धरतो. मेथीमुळे पाण्याला थोडा बुळबुळीतपणा येतो, तोच पुढे केस सोडवायला कामाला येतो. आता गाळा. चहाच्या गाळणीने नाही, जुन्या सुती कापडातून, आणि कापड घट्ट पिळा. या एका पायरीवर मी अडून बसते, कारण ज्यांना हे जमत नाही त्यातल्या बहुतेकांचं इथेच बिनसतं. गाळणीतून सुटलेले कण केसांत बसतात, वाळल्यावर कोंड्यासारखे खांद्यावर पडतात आणि वर टाळू खाजते.

तयार पूड मिळते तिचंही तेच. पूड कालवून लेप करून डोक्याला थापू नका. पाण्यात उकळा, गाळा, मग वापरा. डबा उघडताना नाक लांब ठेवा. शिकेकाईची पूड उडाली की शिंका थांबत नाहीत.

काढ्यात टिकवण्यासाठी काहीच घातलेलं नसतं, त्यामुळे तो लवकर आंबतो. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागतील तेवढे खडे आदल्या रात्री बाहेर काढा. वास आंबूस आला की टाकून द्या, तिथे काटकसर नको.

न्हाताना

सुरू करण्याआधी एकदा नेहमीच्या शाम्पूने, कंडिशनर न लावता, केस स्वच्छ धुऊन घ्या. कंडिशनर आणि सीरममधलं सिलिकॉन केसांवर थर धरून बसतं. काढ्याने ते नीट निघत नाही आणि मग केस मेण लावल्यासारखे लागतात.

न्हायच्या आधी कोरडे केस विंचरा. सुटे केस निघून जातात, गुंता सुटतो आणि मुळाशी साठलेलं तेल थोडं खाली उतरतं. मग कोमट पाण्याने केस पूर्ण भिजवा, अगदी टाळूपर्यंत. वरवर ओल्या केसांवर काढा ओतला तर तो वरूनच ओघळून जातो.

काढा बारीक तोंडाच्या बाटलीत भरा. मान मागे टाका, डोळे मिटा आणि भांगाभांगातून टाळूवर सोडा. डोळे मिटा हे मी सहज सांगत नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की आग होते आणि डोळा बराच वेळ लाल राहतो. गेलंच तर चोळत बसू नका, साध्या पाण्याने धुवत राहा. लहान मुलांना म्हणूनच मी रिठा वापरत नाही, नुसती पातळ शिकेकाई, तीही कपाळावर पंचा धरून.

मग बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, टाळू चोळा. कानामागे आणि मानेच्या वरच्या भागाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. फेस शाम्पूसारखा भरगच्च येणार नाही, तो शोधू नका. तेल निघालं की नाही ते बोटांना कळतं, केस निसरडे लागायचे थांबतात. केसांची टोकं वेगळी चोळायची गरज नाही, वरून ओघळणारं पाणी त्यांना पुरतं. दोन-तीन मिनिटं राहू द्या आणि धुवा. पाणी अगदी नितळ पडेपर्यंत धुवा. शाम्पूला लागतं त्याहून जास्त पाणी लागतं, हे आधीच सांगून ठेवते.

डोक्यावर तेल थापलेलं असेल तर एका काढ्यात ते निघत नाही. त्यावर उपाय म्हणजे तेल कमी लावणं. तासभर आधी दोन चमचे, केसांच्या लांबीला, बस. खोबरेल घ्या. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, त्यात हा गुण खोबरेलातच दिसला.

वाळवताना पंच्याने झटकू नका, दाबून पाणी टिपा. गुंता बोटांनी सोडवा, मग रुंद दात्यांचा कंगवा, टोकांकडून वर.

सोडा, व्हिनेगर आणि नुसतं पाणी

खायच्या सोड्याने केस धुवायचा सल्ला फार फिरतो. मी तो देणार नाही. सोड्याच्या पाण्याचा पीएच आठाच्या वर जातो, म्हणजे ज्या अल्कधर्मीपणापासून पळायचं तिथेच आपण परत. पहिल्यांदा केस चकाचक वाटतात, लोक खूश होतात. तुटणं पुढे सुरू होतं. शिवाय चुरचुर होते ती वेगळीच.

व्हिनेगर मात्र ठीक, पातळ करून: अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा, शेवटचं पाणी म्हणून, आणि त्यावरून साधं पाणी. साबण वापरला असेल किंवा पाणी जड असेल तर त्याने फरक पडतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरट साका करतं, तो केसांवर बसतो आणि आम्लाने सुटतो. काढ्यानंतर व्हिनेगरची गरज सहसा पडत नाही, तो स्वतःच आम्लधर्मी असतो. पातळ न करता टाळूला लावलं तर भाजतं, हे वेगळं सांगायला नको.

नुसत्या पाण्यानेही जमतं, पण सगळ्यांना नाही. माझ्या मुलीचे केस कुरळे आणि कोरडे आहेत. ती दोन न्हाण्यांच्या मधल्या वेळी फक्त कोमट पाण्याखाली टाळू चोळते आणि तिचं छान चालतं. नवऱ्याचे केस बारीक कापलेले, पण घाम भरपूर. घाम पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्याचंही निभतं. सरळ आणि तेलकट केसांना पाणी पुरत नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

शाम्पू सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे केस चिकट वाटतात. कोणी सांगतं, टाळूला सवय लागते आणि तेल कमी सुटू लागतं. तेलग्रंथींचा कारभार मुख्यतः संप्रेरकांच्या हातात असतो, तुम्ही कधी न्हालात याची त्या नोंद ठेवत नाहीत. बदलतो तो आपला हात: विंचरणं सुधारतं, काढ्याचं प्रमाण जमतं, आणि कोरकोर वाजणारे केस म्हणजेच स्वच्छ केस ही अपेक्षा सुटते. तेव्हा डोकं ओशट वाटलं तर धुवा. सवय लावायची म्हणून कळकट फिरू नका.

त्वचा

इथे काम पुष्कळ सोपं आहे. हात, पाय, पाठ, पोट यांना रोज साबण लागतच नाही, पाणी पुरतं. काखा, जांघा आणि पावलं इथे घाम आणि जंतू साठतात, तिथे सौम्य साबण लावा आणि मोकळे व्हा. पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांच्या आत. कढत पाणीही तेल ओढून नेतं, आणि साबण सोडूनही ज्यांची त्वचा फुटते ते बहुधा कढत पाणी सोडत नाहीत. अंग ओलसर असतानाच तेलाचे चार थेंब हातावर घेऊन चोळा.

चेहऱ्याला सकाळी नुसतं पाणी. संध्याकाळी एक चमचा मसूर डाळीचं पीठ किंवा बेसन, वस्त्रगाळ केलेलं, पाण्यात पातळ कालवून. कोरड्या त्वचेला पाण्याऐवजी दूध. पीठ तेल शोषून घेतं, एवढंच त्याचं काम, त्यामुळे घासायचं नाही. बोटं हलकी गोल फिरवा, अर्ध्या मिनिटात धुवा. वाळून कवच होईपर्यंत बसू नका. ते ओढलेपण म्हणजे त्वचा निरोगी होते आहे असं नाही, ती कोरडी होते आहे. मुलतानी मातीलाही हाच नियम, आणि ती तेलकट चेहऱ्यालाच, आठवड्यातून एकदा. कालवलेलं पीठ उद्यासाठी ठेवू नका.

सनस्क्रीन किंवा मेकअप पिठाने निघत नाही. आधी कोरड्या चेहऱ्यावर थोडं तेल चोळा, ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्या, मग पीठ.

लिंबू चेहऱ्याला लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. संत्र्याच्या सालीची जाडीभरडी पूड आणि अक्रोडाची टरफलंही नकोत, त्यांच्या कडांनी त्वचेवर ओरखडे उठतात. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. शेंग, डाळ, झाडपाला, सगळ्याचीच कोणाला तरी ॲलर्जी असते.

आणि हात मात्र साबणानेच धुवायचे. शौचाहून आल्यावर, स्वयंपाकाआधी. तिथे पीठ आणि काढा चालणार नाही.

कुठे थांबायचं

टाळूवर पापुद्रे निघतात, खाज सुटते, कोंडा वाढतोय, तर काढा बाजूला ठेवा. कोंड्यामागे बहुधा मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती टाळूच्या तेलावरच जगते, म्हणून डोकं कमी धुणं आणि वर तेल लावणं म्हणजे तिची सोय करणं. तिथे कीटोकोनॅझोलसारखं औषध असलेला शाम्पूच लागतो, आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. चट्टे, जखमा, अचानक पुंजक्यांनी गळणारे केस यासाठी त्वचारोगतज्ज्ञ. केसांना रंग लावत असाल तर रिठ्याने तो लवकर उतरू शकतो, एक बट धुऊन बघा.

राहता राहिला कापडातला चोथा. तो न्हाणीघराच्या जाळीत जाऊ देऊ नका, शेंगांचे धागे अडकून मोरी तुंबते. कचऱ्याच्या खतात टाका. फरशीवर सांडलेलं रिठ्याचं पाणी लगेच धुऊन काढा, पाय सटकतो. आणि काढा उरलाच तर रेशमी किंवा लोकरीचं एखादं कापड त्यात बुचकळून काढा, त्याला तो केसांइतकाच मानवतो.