शिकवणी लावताना या चुका टाळा

गेली अठरा वर्षे मी पाचवी ते आठवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत आहे. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला शिकवणी लावताना पालक आणि नवखे शिक्षक त्याच त्या चुका करतात, आणि त्रास मात्र मुलाला होतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मूल ज्या इयत्तेत आहे, त्याच इयत्तेच्या पुस्तकापासून सुरुवात करणे. सातवीतील एका मुलाची शेकडेवारी कच्ची आहे, असे सांगून त्याची आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. आधीच्या क्लासमध्ये शेकडेवारीची उदाहरणे वर्षभर घोटून घेतली होती, तरी उत्तरे चुकतच होती. मी त्याला 618 भागिले 6 करायला सांगितले. त्याने वर 1 लिहिला, खाली 1 उतरवला, त्याला भाग जात नाही म्हणून लगेच 8 उतरवून घेतला, 'सहा त्रिक अठरा' म्हणत 3 लिहिले आणि उत्तर काढले 13. भाग जात नसेल तेव्हा वर शून्य द्यायचे, हे तिसरी-चौथीतच सुटून गेले होते. मग आम्ही खेळण्यातल्या नोटांचे 618 रुपये सहा जणांत वाटले. शंभराची एकेक नोट प्रत्येकाला मिळाली, दहाची एकच नोट मोडावी लागली, आणि तो स्वतःच म्हणाला, "सर, दहाच्या घरात कोणालाच काही नाही!" सहामाही तोंडावर आलेली असताना चौथीचे गणित कशाला, असे आईचे म्हणणे होते, तरीही पाच आठवडे मी सातवीचे पुस्तक उघडू दिले नाही. म्हणूनच पहिले दोन दिवस मी फक्त मागच्या इयत्तांची उदाहरणे देतो, ती मोठ्याने बोलत सोडवायला लावतो आणि चुकलेले काहीही खोडू देत नाही.

मूल 'त्रेसष्ट' ऐकून 36 लिहीत असेल, तर त्याला निष्काळजी म्हणू नका. मराठीत एकक आधी उच्चारला जातो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' असे वाचन आले तेव्हा मोठा वाद झाला, परंतु मुलांची ही अडचण खरी आहे.

शाळेचा गृहपाठ शिकवणीत पूर्ण करून देऊ नका. 'झटपट युक्त्यां'चे व्हिडिओ पाया पक्का होईपर्यंत दूरच ठेवा.

तोंडी उत्तरे अचूक देणारे मूल वाचताना सतत अडखळत असेल आणि फळ्यावरचे उतरवतानाही अक्षरे गाळत असेल, तर शिकवणीचे तास वाढवण्याआधी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. अशी अडचण विशिष्ट अध्ययन अक्षमतेमुळे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडथळ्यामुळे असू शकते. ही अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. 'लोक काय म्हणतील' या भीतीने पालक हे टाळतात आणि नववी संपत आल्यावर धावाधाव करतात. ही तपासणी पाचवी-सहावीतच व्हायला हवी.