इतिहासात बी.ए. करताय? मग जोडीचा विषय डोकं लावून निवडा

इतिहास घ्यावा की नाही, हे मी इथे सांगणार नाही. ते तुमचं ठरलंय, घरच्यांशी काय वाद व्हायचा तो होऊन गेलाय, बारावीची गुणपत्रिका हातात आहे, असं धरून चालतो. प्रश्न त्यापुढचा आहे: सगळा भर इतिहासावरच ठेवायचा की तोडीस तोड दुसरा विषय घ्यायचा, आणि घ्यायचा तर कोणता? मी इतिहास शिकवतो आणि दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसतो. मुलाच्या मागे उभे असलेले काका तोंड उघडायच्या आत त्यांचं वाक्य मला पाठ असतं: ‘पॉलिटिकल घे, एमपीएससीला चालतं.’ हा लेख मुख्यतः त्या काकांसाठी आहे.

पहिली पायरी: रचना समजून घ्या

‘स्पेशलला काय घेतलंस?’ असं विचारणाऱ्यांचा सल्ला जपून ऐका. पुण्याकडची जी (जनरल) आणि एस (स्पेशल) पेपरांची पद्धत, मुंबईची टीवायला एका विषयाचे सहा किंवा दोन विषयांचे तीन-तीन पेपर ही पद्धत, दोन्ही आता मागे पडल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडीचा दुय्यम विषय) आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, त्यातले किमान ६० मेजरचे आणि २४ मायनरचे. आपली विद्यापीठं यात थोडाफार फरक करतात. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी एक मेजर, एक मायनर करायचा आणि तिसरा सोडायचा, अशी सोय असते. ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे, भाषेचे, भारतीय ज्ञान प्रणालीचे पेपर ‘बास्केट’मधून येतात. त्यांत फार डोकं घालू नका, कॉलेज देईल ते घ्या.

म्हणजे निव्वळ इतिहासाची पदवी आपल्याकडे आता मिळत नाही, मायनर लागतोच. भर जवळजवळ सगळा इतिहासावर हवा असेल तर दिल्ली विद्यापीठाचा बी.ए. ऑनर्स हा रस्ता आहे. तिथेच बी.ए. प्रोग्राममध्ये दोन विषय जोडीने घेता येतात. त्यासाठी सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते, पण तिचे अर्ज बारावीचा निकाल लागायच्या आधीच बंद झालेले असतात. जूनमध्ये चौकशीला येणाऱ्यांना मी चहा पाजतो, याहून जास्त काही करू शकत नाही.

हवं तर करायच्या चौथ्या वर्षाचं (एकूण १६० क्रेडिट, संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण) आज ठरवायची गरज नाही.

दुसरी पायरी: जोडीचा विषय

खरी गोम इथे आहे. माझ्या वेळी मीही इथेच चाचपडत बसलो होतो, कारण विचारायला गेलो की प्रत्येक जण तीनच गोष्टी सांगायचा: मार्क कशात मिळतात, स्पर्धा परीक्षेला काय चालतं, आणि मित्र काय घेतोय. आजही सल्ला तोच आहे. तिन्ही निकष टाकाऊ आहेत.

स्पर्धा परीक्षेचं आधी निकालात काढू. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत गुणवत्तेला धरले जाणारे लेखी गुण १७५०, त्यात वैकल्पिक विषयाचे ५००. हा वैकल्पिक विषय यादीतला कुठलाही घेता येतो, तो पदवीला असायला हवा असं बंधन नाही. इंजिनिअर झालेली मुलं इतिहास घेतात, इतिहासवाले मराठी साहित्य घेतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता त्याच वळणावर गेली आहे. राज्यघटना आणि शासनव्यवस्था तर सामान्य अध्ययनात सगळ्यांनाच करावी लागते. तेव्हा पाच-सात वर्षांनी द्यायच्या, कदाचित न द्यायच्या परीक्षेसाठी तीन वर्षांचा मायनर गहाण टाकू नका.

मी विचारायला लावतो तो प्रश्न वेगळा आहे. नुसत्या इतिहासाच्या बळावर तुम्हाला जे करता येणार नाही, ते कोणता विषय करू देईल?

हे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यातला एक कागद उघडला की आधी दिसते सलग ओढलेली शिरोरेघ आणि तिला लटकलेली मोडी, म्हणजे जुन्या मराठी हातलिपीतली, अक्षरं. शब्द सुटे केलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कशीबशी अक्षरं लावली की तारीख समोर येते: ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’. हे अरबी अंक आहेत, एक, सत्तर, शंभर आणि हजार. झाले ११७१. हे शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना, त्यात ५९९ मिळवा, म्हणजे १७७० च्या पावसाळ्याच्या तोंडाला सुरू झालेलं वर्ष. पुढे ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याची तारीख असेल तर आणखी एक हिशोब. मराठेशाहीवर तीन वर्षं टिपा लिहून प्रथम श्रेणीत पास झालेला मुलगा या एका ओळीपाशी थांबतो. त्याला पानिपतची कारणं पाठ आहेत, पण पत्र कोणत्या सालचं हे सांगता येत नाही. यात त्याचा दोष नाही, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

म्हणून मध्ययुगाची ओढ असेल तर पहिला हक्क भाषेचा. मोडी मायनर म्हणून मिळत नाही. ती बाहेर शिका: पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग असतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात असतात, जागोजागी हौशी जाणकारही शिकवतात. लिपी सुट्टीत येते, हात बसायला वर्ष लागतं. मायनरला फारसी मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल, सगळ्यांचा कारभार मोठ्या प्रमाणात त्या भाषेत चालला, आणि महाराष्ट्रात ती वाचणारी माणसं आता मोजकी उरली आहेत. इतिहासकार सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली म्हणून आपलं कितीतरी भागलं. प्राचीन काळाकडे कल असेल तर संस्कृत किंवा पाली. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहे, तिथे पालीचा विद्यार्थी संस्कृतवाल्यापेक्षा लवकर वाट काढतो. गोव्यात असाल तर पोर्तुगीज. पणजीच्या पुराभिलेखागारातले कागद इंग्रजी येणाऱ्याला काहीच सांगत नाहीत.

भाषेत रस नाही? मग अर्थशास्त्र. मुलं याला घाबरतात, आणि म्हणूनच मी ते पुढे करतो. १८७५ चे दख्खनचे दंगे घ्या. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरुवात झाली, शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. इतिहासाच्या वहीत याची पाच कारणं असतात आणि ती पाच मार्कांना पुरतात. पण अमेरिकेतली यादवी १८६५ ला संपल्यावर कापसाचे भाव पडले, त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला, आणि सावकाराने नवं कर्ज देणं का आखडलं, हा धागा जुळवायला किंमत, व्याज आणि पत या गोष्टी कळाव्या लागतात. माझ्याकडून इतिहास-अर्थशास्त्र करून गेलेल्यांना बँकेत, सर्वेक्षणाच्या कामात, पत्रकारितेत जागा मिळाल्या आहेत. पहिल्या सत्रात मार्क कमी पडतात, हे खरं. पडू द्या.

भूगोल हा माझा तिसरा कौल. कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, नाणेघाट आणि जुन्नर हे नकाशावर एका रेषेत पाहिल्याशिवाय सातवाहनांचा व्यापार डोक्यात शिरत नाही. शिवाय भूगोलात प्रात्यक्षिकं असतात, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) शिकवत असतील तर त्यावर वेगळी नोकरी लागते. उत्खननाची स्वप्नं पाहणाऱ्यांनी तर हाच घ्यावा. डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वाच्या एम.ए.ला इतर शाखांचे पदवीधरही जातात. तिथे माती, दगड, नकाशा समजणारा मुलगा सनावळ्या पाठ असलेल्यापेक्षा लवकर रुळतो. अडचण एकच, प्रात्यक्षिकांच्या वेळा इतिहासाच्या तासांवर आदळतात.

आता काकांचं पॉलिटिकल. राज्यशास्त्र वाईट विषय नाही, पण इतिहासाच्या जोडीला तो बहुतेक वेळा आळसाने घेतला जातो. राष्ट्रीय चळवळ इकडेही, तिकडेही. नोट्स एकदा काढायच्या आणि दोनदा लिहायच्या. हातात नवं हत्यार काही येत नाही. एकाच बाबतीत मी तो आनंदाने सुचवतो: शाळेत शिकवायचं पक्कं असेल तर. दहावीचं पुस्तकच इतिहास व राज्यशास्त्र असं जोडीचं आहे, आणि बी.एड.ला अध्यापन पद्धती निवडताना पदवीचे विषय विचारात घेतात. समाजशास्त्र हे एकोणिसावं शतक, जात, गाव, सत्यशोधक चळवळ यांवर काम करायचं असेल तर राज्यशास्त्राहून सरस. मराठी साहित्याला लोक उगाच नाकं मुरडतात. बखर वाचताना कुठे हकीकत आहे आणि कुठे लेखकाचा फुलोरा, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला चटकन जाणवतं. भाषांतर, संपादन, प्रकाशन या वाटाही खुल्या राहतात. मानसशास्त्राला हल्ली भारी गर्दी आहे. ते आवडत असेल तर मेजरच करा, इतिहासाला ते टाचून काही साधत नाही.

आणि सगळा भर इतिहासावर कुणी ठेवावा? ज्याला एम.ए., नेट-सेट, पीएच.डी. हाच मार्ग दिसतोय आणि ज्याला चांगला, भरलेला विभाग मिळतोय त्याने. दोन्ही अटी हव्यात. प्राध्यापकीच्या जागा किती वर्षं रखडतात हे मी जवळून पाहिलंय, म्हणून पहिली अट एकटी असेल तर मी स्पष्ट नको म्हणतो.

तिसरी पायरी: कॉलेज तपासा

माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. विषय छापलेला असतो, शिकवला जातोच असं नाही. विभागात जाऊन विचारा: इतिहासाला पूर्णवेळ शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचे (सीएचबी) शिक्षक अनेकदा आमच्यापेक्षा जास्त तळमळीने शिकवतात, पण ते दर वर्षी बदलणार असतील तर तुमच्या प्रकल्पाला धरून राहणारं कुणी उरत नाही.

मग ग्रंथालय. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवा, संदर्भ यादीतली तीन नावं कागदावर लिहा आणि ग्रंथपालांना मागा. पुस्तक मिळालं तर शेवटचं पान उघडून परतीच्या तारखांचे शिक्के बघा. शेवटचा शिक्का दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर त्या विभागात गाइडवरच पदवी मिळते असं समजा. जिथे ग्रंथपाल ‘कशाला हवंय?’ असं विचारतात, तिथून माझ्या मते सरळ निघावं.

वेळापत्रक बघायला विसरू नका. तुमच्या जोडीचे दोन्ही विषय एकाच तासाला लागत असतील, तर वर लिहिलेलं सगळं फुकट.

माध्यमाबद्दल माझं मत पक्कं आहे. जिथे मुभा आहे तिथे पेपर मराठीत लिहा, वाचन मात्र पहिल्या सत्रापासून इंग्रजीतही करा, रोज चार पानं. एम.ए.पर्यंत थांबलात तर तिथे एकदम डोंगर कोसळतो.

चौथी पायरी: अर्ज

अर्ज भरा, विषयांचा क्रम दोनदा तपासा, अपार आयडी (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक) काढून ठेवा.

मायनर चुकला असं वाटलं तर पहिल्या काही आठवड्यांत बदलता येतो. मुदत प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, ती सूचनाफलकावर लागते आणि कुणी मोठ्याने सांगत नाही. बदलाचं तोंडी बोलणं धरू नका. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या घ्या आणि तुमच्याकडच्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का मारून घ्या. परीक्षेच्या अर्जावर जुनाच विषय छापून आला, तर खिडकीवर तोच कागद दाखवावा लागतो.