मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असता या चुका टाळा

रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात त्या टाकाऊ द्रव्याचा, आकडा ठळक छापलेला नाही, म्हणजे मूत्रपिंडे ठणठणीत आहेत, असे धरून चालणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते, त्यामुळे एकाच आकड्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. १.२ हा आकडा २५ वर्षांच्या पुरुषाचा असेल तर ई-जीएफआर, म्हणजे गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, सुमारे ८६ येतो. तोच आकडा ७० वर्षांच्या स्त्रीचा असेल तर तो जेमतेम ४९ भरतो. म्हणून ई-जीएफआर पाहावा आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्यावे, कारण गाळण्याची क्षमता चांगली असतानाही अल्ब्युमिन झिरपू लागलेले असू शकते. लघवी नेहमीइतकी होते, यावर तर मुळीच विसंबू नये.

याउलट, एकाच अहवालाने हबकून जाणेही बरोबर नाही. जुलाब, ताप किंवा आदल्या रात्रीचे भरपेट मांसाहारी जेवण यांमुळे क्रिएटिनिन तात्पुरते वाढू शकते. ई-जीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तरच त्याला दीर्घकालीन विकार म्हणतात. मात्र आकडा झपाट्याने बदलत असेल तर तीन महिने थांबू नये.

गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेत राहणे महागात पडते, कारण या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसते आणि रुग्ण घाबरून गोळीच सोडून देतो. वास्तविक ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतली जाते, कारण गाळणीवरचा दाब कमी झाल्याची ती खूण असते. पोटॅशियमवर मात्र लक्ष ठेवावे लागते, आणि उलट्या-जुलाब सुरू झाल्यास गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

भरपूर पाणी प्यायल्याने मूत्रपिंडे ‘धुऊन निघतात’ ही समजूतही सोडून द्यावी. पायांवर सूज असेल तर जादा पाणी त्रासाचेच ठरते. मीठ कमी करायला सांगितले की अनेकजण ‘कमी सोडियमचे’ मीठ आणतात. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, आणि मंदावलेल्या मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकणे जड जात असल्याने ते रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडवू शकते. पाकिटावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय ते घरात आणू नये.